पत्र्याचा रंग

चंदेरी नावाचा रंग खरं तर नसतोच. डबा मिळतो, त्यावर तसं छापलेलंही असतं, आणि शटरला, लोखंडी फाटकाला, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना तो शोभूनही दिसतो. पण तोच रंग विमानाच्या मॉडेलवर मारा, विमान शटरसारखं दिसायला लागतं. जुन्या विमानांना रंग द्यायचेच नाहीत. अॅल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी जोडलेले, आणि प्रत्येक पत्र्याचा तोरा वेगळा. एक लख्ख, शेजारचा मंद, इंजिनाच्या मागचा धुरानं तपकिरी पडलेला. वीतभर प्लास्टिकवर हे सगळं रंगानं उभं करायचं आणि बघणाऱ्याला रंग म्हणून काही दिसता कामा नये. मला हे काम येतं. फुशारकी वाटली तर वाटू दे, दुसरं फारसं काही मला येत नाही.

पुण्यात एका कार्यशाळेत मी हेच करत होतो. कंपन्यांच्या दालनांसाठी, प्रदर्शनांसाठी तिथं मॉडेलं बनायची. पूल, धरणं, यंत्रं, कधीमधी विमानं. मालकांना आम्ही सर म्हणायचो. काम चुकलं की ते बोलायचे आणि जमलं की पाठीमागे नुसते उभे राहायचे. माझ्या पाठीमागे ते बरेचदा उभे असायचे. मग एक दिवस बाबांना लकवा झाला आणि मी एका बॅगेत चार कपडे कोंबून गावी आलो. आठवडाभरात परतणार होतो, म्हणून खोलीतलं दूधसुद्धा बंद केलं नव्हतं.

आमचं गाव म्हणजे रिसोड. बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या पाण्याच्या मोटारी जळतात, शेतकरी त्या घेऊन येतात, आम्ही आतली जळकी तांब्याची तार उपसून नवी भरून देतो. आम्ही म्हणजे बाबा. मी लहानपणापासून बघून बघून शिकलेला. बाबांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली, आणि मी त्यांच्या स्टुलावर बसलो. तात्पुरता. पण तात्पुरत्या माणसाला आमच्याकडे मुदत नसते. गव्हा-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं, मोटारींची रांग लागली, रांग संपली तेव्हा उन्हाळा आला होता, आणि मग पुन्हा पेरण्या. अशी काही वर्षं गेली.

मला कुणी थांब म्हणालं नाही, हे आधी सांगून टाकतो. आई म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडून माणूस निघून जाऊ शकतो. ती फक्त गरम भाकर वाढायची आणि आज कोणाची मोटार आली ते विचारायची. बाबा डाव्या हातानं तारेच्या रिळाकडे बोट करायचे, ही नाही, ती. येणारे-जाणारे म्हणायचे, पोरगं असावं तर असं. गळ्यात दावं असतं तर ते निदान दिसलं असतं. ही शाबासकी दिसत नव्हती, फक्त तिच्यामुळे मान वळत नव्हती. मी हसून बरं बरं म्हणायचो आणि मनातल्या मनात प्रत्येकाला शिव्या घालायचो.

दुकानाच्या मागच्याच खोलीत बाबांचा पलंग आहे. पलंगाच्या डाव्या दांड्याला मी सायकलची घंटी बसवून दिली होती, म्हणजे त्यांना हाक मारायचा त्रास नको. माझीच करणी. कूस बदलायची असली की घंटी, पाणी हवं की घंटी, दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी वर असलो की घंटी. रस्त्यानं एखादं पोर सायकलवरून घंटी वाजवत गेलं तरी मी उठून उभा राहायचो आणि मग वेड्यासारखा पुन्हा बसायचो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सरांचा फोन आला. एका मोठ्या दालनासाठी जुन्या विमानांची मॉडेलं करायची होती, सगळी उघड्या पत्र्याची, एकालाही रंग नाही. माझ्या जागी आलेला माणूस दुसरीकडे गेला होता. सर म्हणाले, दसऱ्यानंतर ये, पण हातात एक तयार विमान घेऊन ये. हात गंजलाय का ते मला बघायचंय. जमलं असेल तर जागा तुझी, नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, काम थांबणार नाही. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो होतो. येतो म्हणालो. खाली आलो तेव्हा आईनं विचारलं कोणाचा फोन, तर कोणाचा नाही म्हणून सांगितलं.

मनात मात्र सगळं ठरलं. हे विमान जमलं तर मी सुटलो, नाही जमलं तर जन्मभर याच स्टुलावर. इतकं सरळ होतं ते. पुण्याहून नंतर मागवून घेतलेल्या सामानात एक न जोडलेलं विमान पडून होतं, जुनं, दोन पंख्यांचं, प्रवासी वाहतुकीचं. गच्चीवर टिनाची एक खोली आहे, तिथं वायंडिंगचं भंगार असायचं. ते एका कोपऱ्यात लोटून मी टेबल लावलं. लहान कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची पेनाएवढी बंदूक माझ्याकडे होतीच.

चंदेरी रंगाची अडचण अशी की तो काहीच झाकत नाही. दुसरा कुठलाही रंग खालचे दोष पोटात घालतो, हा चव्हाट्यावर आणतो. म्हणून आधी सांध्यांना पॉलिश पेपर लावायचा, पाण्यातून, बारीक, मग आणखी बारीक, बोटांची सालं निघेपर्यंत. मग अस्तर. मग त्यावर चकचकीत काळा. होय, काळा. चंदेरीच्या खाली तोंड दिसेल असा काळा नसला तर वरचा रंग राखेसारखा मेलेला दिसतो. त्या काळ्यावर धातूच्या पुडीचा रंग श्वास सोडल्यासारखा हलका उडवायचा, थर नाही, धुकं. काळं हळूहळू आत जातं आणि एका क्षणी तिथं पत्रा दिसायला लागतो. आता त्याला उघडा हात लावायचा नाही. ही पूड नुसती वरवर बसलेली असते, घासली की निघून येते आणि खालचं काळं तोंड वर काढतं.

हे सगळं मी कधी करत होतो? तर सोयाबीनच्या हंगामात. ज्यानं रिसोडचा तो हंगाम बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको, पण सांगतो. शेतात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, सोयाबीन कुटत असतं, आणि गावभर त्याची बारीक पिवळी धूळ उडत असते. ट्रॅक्टर बाजार समितीकडे जातात ते धूळ उधळत. ती भातात असते, डोळ्यांत असते, पाण्याच्या पेल्यावर तिची साय येते. आणि चंदेरीवर तिचा एक कण बसला की पत्र्यावर फोड आल्यासारखा दिसतो.

म्हणून मी पहाटे रंगवायचो, धूळ जरा बसलेली असताना. खिडकीच्या फटीत जुन्या गोधड्या कोंबायच्या, दाराखाली ओलं पोतं, फरशीवर बादलीभर पाणी. अंगातलं बनियनही काढायचं, कारण त्याचे तंतू उडतात. तोंडाला मुखपट्टी. आणि मग त्या टिनाच्या डब्यात, घामानं निथळत, उघडाबंब, मी त्या विमानासमोर श्वास आवरून उभा. इथून सुटायचं म्हणून मी स्वतःला आणखी लहान खोलीत कोंडून घेतलं होतं. याचं मला तेव्हाही हसू यायचं, पण ते हसू आतल्या आत कडू व्हायचं.

एका सकाळी मी डावा पंख फवारत होतो. पंख एका दमात व्हावा लागतो. मध्ये थांबलं तर कड वाळते आणि जोड दिसतो. अर्ध्यावर आलो आणि घंटी वाजली. मी थांबलो नाही. ती वाजतच राहिली. मी दात आवळून फवारत राहिलो, पंखाच्या टोकापर्यंत गेलो, आणि त्या एवढ्याशा वेळात माझ्या मनात बाबांच्या त्या डाव्या हाताबद्दल जे आलं ते मी लिहिणार नाही. खाली धावलो तर बाबा ठीक होते. आमच्या शेजारच्या मालेगावकडचा एक शेतकरी मोटार घेऊन भल्या पहाटेच आला होता आणि ओट्यावर बसून होता.

माझ्या हातावरचा चंदेरी रंग बघून त्यानं विचारलं, हे काय लावलं. बाबांनी डाव्या हातानं विमान उडवून दाखवलं. तो वर येऊन बघायचंच म्हणाला, माझा नाइलाज झाला. दारातूनच बघ म्हटलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "याची मोटर जयली काय?" खाली येऊन त्यानं ते बाबांनाही ऐकवलं. बाबा हसले. लकवा झाल्यापासून त्यांना मी इतकं हसताना बघितलं नव्हतं, अर्धाच चेहरा हसत होता, पण पोटातून. मलाही हसू आलं, आणि मग त्याच हसण्याचा राग आला. अशी एखादी सकाळ माणसाला आणखी महिनाभर डांबून ठेवते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी विमान झालं. पत्र्यांना वेगवेगळा उजेड द्यायला चिकटपट्टीनं एकेक भाग झाकून पुन्हा फवारावं लागतं, आणि पट्टी काढताना खालची पूड सोबत येते. त्यावर उपाय म्हणजे पट्टी आधी आपल्या दंडावर चिकटवून तिचा जोर कमी करायचा. माझ्या दंडावरचे केस गेले, पण पूड टिकली. मी ते दारातल्या उन्हात धरलं तेव्हा त्याच्या पोटाखाली गच्चीचा लाल रंग उतरला आणि पाठीवर आभाळ. रंग कुठंच दिसत नव्हता. सर पाठीमागे उभे राहिले असते.

वायंडिंग झालेल्या मोटारींचं व्हार्निश वाळवायला आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे, आत बल्ब लावलेली. धूळ लागू नये म्हणून मी विमान तिच्यात ठेवलं आणि पुण्याच्या बसचं तिकीट काढलं. पूड धरून ठेवणारा वरचा पारदर्शक थर मुद्दामच दिला नाही, त्यानं थोडी चमक मरते आणि मला सगळी हवी होती.

दसऱ्याला आमच्याकडे दुकानाची पूजा असते. पकडी, हातोड्या, तार गुंडाळायचं यंत्र, मोटारसायकल, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ. मी अंघोळ करून खाली आलो तोवर आईचं बरंचसं आटोपलेलं. यंत्रावर स्वस्तिक काढून झालं होतं. पेटीवरही कुंकू होतं. आणि पेटीचं दार नीट लागलेलं नव्हतं.

विमानाच्या नाकावर हळदकुंकवाची बोटं होती. दोन्ही पंखांवर एकेक ओलं स्वस्तिक. अक्षता. पुढच्या काचेवर झेंडूची पाकळी. मी आधी फुंकर मारली, मग हातरुमालाचं टोक लावलं, आणि करू नये ते केलं, पुसलं. कुंकू पसरलं, पूड निघाली आणि पंखाच्या मधोमध काळा डाग उघडा पडला.

"कायले हात लावला त्याले?" मी इतक्या मोठ्यानं बोललो की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

आई हातातलं तबक घेऊन तशीच उभी. "आज साऱ्या यंत्राईले लावते ना कुंकू," ती म्हणाली. "मंग त्यालेच कोरं ठेवू?"

मी म्हणालो की ते यंत्र नाही, ते कुठं जात नाही, काही करत नाही.

"तुले घेऊन जानारं हाय ना थे?" ती म्हणाली. "तू गच्चीवर फोनवर बोलतं, खाली सारं आयकू येते. तुया बापालेही."

मी बाबांच्या खोलीकडे बघितलं. ते छताकडे बघत पडले होते, नवा सदरा घालून. म्हणजे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी वर कोंडून घेऊन जे चोरून करत होतो ते खाली उघडं होतं, आणि तरी ती रोज भाकर वाढत होती आणि ते रिळाकडे बोट करत होते. मला वाटत होतं की दार बंद आहे आणि मी ते फोडतोय. दाराला कुणी हातही लावलेला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आणि तो मी पुन्हा कुंकवावरच काढला. आईनं तबक देवाजवळ नेऊन ठेवलं.

सरांना फोन केला. विमान बिघडलं म्हणालो, कसं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, नीट कर आणि दिवाळीनंतर ये. तिकीट रद्द केलं. पंख उतरवले, रंग काढला, पुन्हा अस्तर, पुन्हा काळा, पुन्हा ते धुकं. हात आता बसला होता, पहिल्यापेक्षा सरस झालं. या वेळी त्यावर पारदर्शक थरही दिला, अगदी पातळ. थोडी चमक गेली, पण ते जास्तच खरं दिसायला लागलं, खूप उडून आल्यासारखं.

दिवाळी झाली. गव्हाचं पाणी सुरू झालं, मोटारी यायला लागल्या. सरांना मी सांगितलं की बाबांचं जरा बरं नाही. ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं, बाबांचं होतं तसंच होतं. सर म्हणाले, या आठवड्यात काय ते कळव, मग मी मोकळा. आईनं विचारलं केव्हा निघतं, तर तिला म्हणालो, रंग वाळायचा आहे. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. तो रंग चहा पिऊन होईपर्यंत वाळतो.

मी का जात नव्हतो ते मला अजून धड सांगता येत नाही. पुण्याची ती खोली आता दुसऱ्याकडे होती, सोबतची पोरं पांगली होती, पण ही काही कारणं नव्हेत. इतकी वर्षं मी रोज मनात या गावातून पळून जात होतो आणि पळण्यातच माझा दिवस भरत होता. आता नुसतं चालत निघायचं होतं, आणि पाय उचलत नव्हता.

काल दुपारी आई वर आली. तिचे गुडघे दुखतात, ती गच्चीवर सहसा येत नाही. दम लागला होता. हातात मोटारीच्या सुट्या भागांचा एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका होता, तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला. आत कापूस होता. गेले कितीतरी दिवस ती बाबांच्या पलंगाशी बसून कापूस निवडत होती, मला वाटलं वाती करायला. हा वातींचा कापूस नव्हता. एकेक सरकी, सरकीचं एकेक टरफल बोटांनी काढून पिंजलेला, इतका मऊ की हातात धरला तरी हाताला काही लागत नव्हतं.

"यात ठेव," ती म्हणाली. "कायचीच टोच लागनार नाई त्याले. मी पाहून घेतलं."

मी म्हणालो, बाबांचं कसं होईल, तू एकटी त्यांना उचलणार कशी. ती म्हणाली, आमचं शेत करणाऱ्या वाटेकऱ्याचा मोठा पोरगा सकाळ-संध्याकाळ यायला तयार आहे, त्याच्याशी बोलणं झालं आहे, आणि दुकान तर बंदही ठेवता येतं. बाबांनीच तसं सांगितलं आहे म्हणाली. मग तिनं विमानाकडे बघितलं, हात मात्र पदराखाली ठेवले.

एरवी मी मॉडेल कधी कापसात ठेवत नाही, तंतू लागतात. या वेळी ठेवलं. आईनं वरून आणखी कापूस पसरला, खोका मिटला, सुतळीनं बांधला आणि माझ्याकडे सरकवला. आता सांगण्यासारखं एकही कारण माझ्याकडे उरलं नव्हतं. मी खोका उचलला तर तो रिकामा असल्यासारखा हलका लागला, आणि मला इतकी भीती वाटली की मी तो छातीशी धरून खाली बसलो. आई उभीच राहिली, मी उठण्याची वाट बघत.